अर्धा सूर खाली

पहिला कॉर्ड वाजवला आणि चटका बसल्यासारखा हात उचलला.

भलतंच वाजलं होतं.

खाली बघितलं. बोटं बरोबर होती. डावी करंगळी जिथे हवी तिथे, उजवा अंगठा जिथे हवा तिथे. चार वर्षं रोज तिथेच ठेवलीत, झोपेतसुद्धा चुकणार नाहीत. पण यायला हवा होता तो आवाज आलाच नाही. त्याच्या शेजारचा आला.

मी लिफ्टचा मेकॅनिक आहे, तेव्हा लिफ्टच्याच भाषेत सांगतो. समजा तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता. तीनचं बटण दाबलं, दार उघडलं, बाहेर पाय टाकला, आणि हा चौथा मजला. दारं तशीच, पायपुसणी तशीच, जिन्याचा कठडा तसाच. फक्त घर तुमचं नाही. तसं झालं.

समोर टेबलामागे दोघं बसलेले. मॅडम, म्हणजे संगीतशाळेच्या पियानोच्या मुख्य. केस पांढरे, पेन्सिल कानाला अडकवलेली. आणि सर, वयाने तरुण, पण चेहरा असा की सकाळपासून सोळा जणांना ऐकून कान विटलेत. मी सतरावा.

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

"काही नाही."

"मग वाजवा की."

परत वाजवला. परत चौथा मजला.

"मॅडम, हा पियानो चढा आहे."

सरांना हसू आलं. "अहो, कालच लावलाय. दिवसभर बसून लावलाय त्या माणसाने, जेवायलासुद्धा उठला नाही."

मला माहीत होतं. तो माणूस म्हणजे माझे बाबा.

थांबा, आधीचं सांगायला हवं.

बाबा पियानो लावतात. शाळांचे, हॉलचे, लोकांच्या घरचे. लावतात म्हणजे सुरात आणतात, वाजवत नाहीत. आयुष्यात मी त्यांना एक गाणं वाजवताना ऐकलेलं नाही. दोन सूर एकत्र दाबायचे, कान लावायचा, पान्याने खुंटी केसभर फिरवायची, परत दाबायचे. एवढंच. आमच्या घरी एक उभा पियानो आहे, कुणीतरी टाकून दिलेला. ताई त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते.

बाबांची एक सवय. मोठ्या कार्यक्रमाआधी पियानो लावला की कलाकाराचा सराव चालू असताना कोपऱ्यात छोटा टेपरेकॉर्डर ठेवायचा. घरी येऊन ऐकायचं, कुठली तार घसरली का ते. मग त्याच कॅसेटवर पुढच्या वेळी पुढचं. एकच कॅसेट अशी होती की जिच्यावर परत काही भरलं नव्हतं. मला ती त्यांच्या खणात सापडली, लोकरी फेल्टच्या तुकड्यांखाली. वर पेन्सिलने लिहिलेलं, 'मोठा हॉल, दुपार'. बस.

त्यात कुणीतरी एक संथ काहीतरी वाजवतं. सहा मिनिटं. एकटा पियानो. डाव्या हाताला पाण्यासारखं काहीतरी हलत राहतं आणि वर एकच बारीक चाल. माणूस स्वतःशी बोलतो ना, ओठ हलवत, तशी. मध्ये खुर्ची करकरते. चौथ्या मिनिटाला बाबांचा खोकला. हो, त्यांचाच, हजारात ओळखेन. वाजवणारा त्या कॉर्डवर जरा रेंगाळतो आणि पुढे जातो.

मी ती चाल ऐकली आणि जेवायचं राहिलं. एकोणीस वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी ताईचे कपडे उचलून खाली ठेवले आणि शोधत बसलो. एका आठवड्याला एक कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायच्या सुरांचा एक जुडगा. नोटेशन वाचता येत नाही, शिकवणारं कोणी नाही. व्हिडिओ लावून बघितले, तर त्यातलं काहीही आमच्या पियानोला जुळायचं नाही. मला वाटलं, फोनचा स्पीकर गेलाय. दोन स्पीकर बदलले. हसू नका.

आणि मग ही जागा. संगीतशाळेची लिफ्ट अडकली होती म्हणून गेलो होतो. परत निघताना फलकावर वाचलं. दरवर्षी एक जागा अशा माणसाला, जो कुणाकडेच शिकलेला नाही. वय चोविसाच्या आत. मला पुढच्या महिन्यात चोवीस पूर्ण. म्हणजे हीच वेळ, परत नाही. फॉर्ममध्ये 'सादर करणार त्या रचनेचे नाव' असा रकाना होता. मी लिहिलं, 'माहीत नाही. संथ आहे.'

ताईने फॉर्म वाचला आणि म्हणाली, "खाली लिही, 'काम झाल्यावर लिफ्टही बघून देईन.' नक्की घेतील."

बाबा परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी सातला पिशवी घेऊन गेले आणि अंधार पडल्यावर आले. ताई म्हणाली, "बारा तास? एका पियानोला?" बाबा म्हणाले, "उद्या परीक्षा आहे त्याच्यावर." कुणाची, ते नाही म्हणाले.

तर आता तोच पियानो माझ्यासमोर, आणि मला ओळख देत नाही.

मी तसाच पुढे वाजवला. दुसरं काय करणार? चार ओळी कशाबशा गेल्या. कान एक सांगतोय, बोटं दुसरंच करताहेत. जिन्यात अंधार असला आणि पायरी आहे समजून पाय टाकला तर पाय कसा अधांतरी जातो, तसं प्रत्येक सुराला. पाचव्या ओळीला बोटं थिजली.

सर पुढे वाकले. आता हसत नव्हते. "हे मला माहितीये. पण हे काळी एकमध्ये आहे. तुम्ही पांढरी दोनमध्ये का वाजवताय?"

"म्हणजे?"

"म्हणजे सगळंच्या सगळं एक घर वर वाजवताय. शेजारच्या पट्टीत. कुणी शिकवलं असं?"

"कुणी नाही. कॅसेटवरून उचललं. कॅसेटमध्ये जसं आहे तसंच आहे."

"कॅसेटमध्येही काळी एकच असणार."

"नाही हो! घरी लावून बघितलंय, हजार वेळा. डिट्टो जुळतं!"

तेवढ्यात दार उघडलं. बाबा. परीक्षेच्या दिवशी लावणारा बाहेर बाकावर बसून असतो, मध्येच तार उतरली तर. हातात पिशवी, चेहरा राखेसारखा.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. मॅडमना, मला नाही.

"तुम्ही आत का आलात?" सर.

"घरचा पियानो उतरवलेला आहे. अर्धा सूर. मीच उतरवला, चौदा वर्षं झाली." बाबा भराभर बोलत होते. ते कधीच भराभर बोलत नाहीत. "आतल्या लोखंडी चौकटीला तडा आहे, पूर्ण ताण सोसत नाही. एक तार तुटून पोरीच्या भुवईला लागली, तेव्हा सगळाच खाली घेतला. त्यामुळे तिथे पांढरी दोन दाबली की काळी एक वाजते. याने कानाने शोधलं. कानाला जुळलं ते धरलं. त्याचं काही चुकलं नाही."

ताईच्या भुवईवर खूण आहे. कुणी विचारलं की ती सांगते, "पियानो चावला." मी चौदा वर्षं तो विनोद समजत होतो.

"बाबा, मला सांगितलं का नाहीत?"

"तेव्हा तू शाळेत होतास. वाजवणारं कोण होतं घरात? नंतर वाजवायला लागलास, तर..." ते थांबले. "ऐकायला बरोबर होतं रे. मी आतल्या खोलीत बसून ऐकायचो. काळी एक. एकदम बरोबर. तुझी बोटं कुठे आहेत ते बघायला कधी उठलोच नाही."

दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालंच नसतं. दुसऱ्या घरात पियानो बेसूर असता तर पोराला सगळेच सूर वाईट लागले असते, त्याने कधीच सोडून दिलं असतं. आमचा नीट लावलेला होता. अगदी नीट, फक्त अर्धा सूर खाली.

मग बाबांनी पिशवीतून पाना काढला.

"मला तीन तास द्या मॅडम. हा उतरवून देतो."

"हॉलचा पियानो?" सर उभेच राहिले. "उद्या इथे कार्यक्रम आहे!"

"रात्रीत परत चढवतो."

"तारा तुटतील," मॅडम म्हणाल्या.

"तुटू देत."

हे बाबा म्हणाले. झाकण जरा जोरात आपटलं तर दोन दिवस अबोला धरणारा माणूस. परीक्षेचं विसरलो आणि उठून त्यांच्या हातातून पाना घेतला. "ठेवा हो. ठेवा तो."

मॅडमनी कानावरची पेन्सिल काढली, कागदावर काहीतरी खोडलं. "अडीच वाजलेत. अजून सात जण बाकी आहेत. खाली सरावाची खोली मोकळी आहे. पाचला शेवटचा नंबर तुमचा. खऱ्या पट्टीत. जमेल?"

"नाही जमणार," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं.

"बरं. पाचला या."

सरावाची खोली म्हणजे एक पियानो, एक स्टूल, आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे ठोकलेले. बाबा दाराजवळ उभे राहिले.

"एक घर खाली," मी स्वतःशी म्हणत होतो. "सगळी बटणं एक घर खाली." ऐकायला सोपं आहे. मी जे पांढऱ्यांवर वाजवत होतो ते आता जवळजवळ सगळं काळ्यांवर. काळ्या पट्ट्या बारीक, बोट घसरतं. अंगठा राहायचा तिथे आता भिंत. पहिल्या ओळीलाच वीस मिनिटं गेली.

"नाही," बाबा म्हणाले.

"काय नाही?"

"तिसरा. मधला सूर चुकला. खालून दुसरा."

परत वाजवला.

"हं."

असंच चाललं. मी वाजवायचो, ते 'नाही' किंवा 'हं'. एकदाही पट्ट्यांकडे बघितलं नाही त्यांनी, भिंतीकडे तोंड करून उभे. आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की हा माणूस मला चाल सांगतच नाहीये. चाल मला पाठ होती. ते खालचं सांगत होते. चार वर्षं मी वरच्या चालीच्या मागे पळत होतो, खालचं म्हणजे नुसता आधार, लिफ्टच्या खांबासारखा. आणि बाबांनी चाल कधी ऐकलीच नव्हती जणू. कुठल्या दोन सुरांचं जमतंय, कोण कुणाला घासतंय, कोण कुणासाठी सरकतंय, सगळं पाठ.

"तुम्हाला हे सगळं कसं येतं?"

"दोनदोन सूर करून ऐकतो. धंदाच आहे."

पावणेचारला तो कॉर्ड आला. खोकल्याचा.

आधीचा कॉर्ड गोड. भरलेला. मग दुसरा, आणि एकदम उजेड गेल्यासारखं. कॅसेटवर दर वेळी व्हायचं ते. मी वाजवला. माझ्या जुन्या पट्टीत इथे मधलं बोट पांढरीवरून काळीवर चढायचं. आता उलटं झालं. तीनही बोटं काळ्यांवर उभी, आणि त्यातलं फक्त मधलं काळीवरून निसटून खाली पांढरीवर पडलं. पडलंच. हाताला कळलं ते.

"बाबा! हे पडतं!"

"अर्धा सूर," ते म्हणाले. आवाज वेगळा. "आता वर बघ. चाल बघ."

"काय?"

"वरचा सूर हलला का?"

मी परत वाजवलं. गोड कॉर्ड. मग पडलेला. वरचा सूर... तोच. अगदी तोच. त्याच बोटाखाली, त्याच पट्टीवर. केसभरही हललेला नाही. पण आधी तो हसत होता आणि आता त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याने काहीच केलं नव्हतं. त्याच्या खालचा एक जण गेला होता, फक्त अर्धा सूर.

मी चार वर्षं समजत होतो की चाल रडते. चाल रडतच नाही! तिला पत्ताच नाही!

"इथे मी थांबतो," मी म्हणालो. "कॅसेटमध्ये तो थांबतो. तुमचा खोकला येतो ना, म्हणून."

भिंतीवरच्या ट्रेचा एक कोपरा निघाला होता, तो बाबा अंगठ्याने दाबत राहिले.

"खोकला नव्हता तो."

"मग?"

"रडू आलं होतं. बाहेर पडायच्या आत खोकलो. मी कामाचा माणूस, कोपऱ्यात पाना घेऊन उभा. तो कलाकार माणूस वळून बघायला लागला म्हणून थांबला."

"काय झालं होतं त्या दिवशी?"

"काही नाही."

"कुणी आजारी वगैरे?"

"अरे, काही म्हणजे काही नाही. सगळे धडधाकट. तुझी आई बाजारात गेली होती. ऊन चांगलं पडलं होतं. मी डबा खाऊन आलो होतो." ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अजून तोच धक्का होता, इतक्या वर्षांचा. "तेच तर कळलं नाही मला. सव्वीस वर्षं मी सूर लावत होतो. मला वाटायचं सूर म्हणजे माप. आणि त्या दिवशी एका मापाने मला रडवलं. घाबरलो मी. कॅसेट पुसलीही नाही आणि परत ऐकलीही नाही."

"मी रोज वाजवायचो की."

"तेव्हा आतल्या खोलीत असायचो ना मी."

घड्याळात चार वाजून दहा. मी परत सुरुवातीपासून वाजवायला घेतलं.

पाचला वर गेलो. बाबा बाहेर बाकावर बसले, पिशवी मांडीवर. मॅडमनी मान हलवली. सरांनी या वेळी छापलेली पानं समोर उघडून ठेवली होती. "या काळाला रोमँटिक म्हणतात," ते म्हणाले, "नाव तरी ऐकून ठेवा," आणि रचनेचं लांबलचक नाव सांगितलं. मी मान डोलावली. डोक्यात काहीही शिरलं नाही.

वाजवलं.

सावकाश वाजवलं, फारच सावकाश. दुसऱ्या ओळीत चुकलो, सावरलो. चौथ्यात एक सूर गाळला. पण पट्टी माझी होती. तिसऱ्या मजल्यावरच दार उघडलं, रोजचंच घर, आणि आता पहिल्यांदाच आतल्या खोल्यांतले दिवे लागलेले दिसत होते. डाव्या हातातलं पाणी नुसतं पाणी नव्हतं. त्यात कोणकोण ये-जा करत होतं.

आणि तो कॉर्ड आला. मी ठरवलं होतं की थांबायचं नाही. कागदावर थांबायचं लिहिलेलंच नाही, थांबा तर बाबांचा आहे. भरलेला कॉर्ड. मग मधलं बोट काळीवरून निसटलं. वरचा सूर तसाच, बिचारा, काही माहीत नसलेला.

आणि मी खोकलो.

जोरात. दोन परीक्षकांसमोर, पियानोवर वाकून. घशात जे आलं होतं ते बाहेर येऊ द्यायचं नव्हतं म्हणून. हात थांबले. सरांनी चमकून वर बघितलं. मला वाटलं, संपलं. गेली जागा. बाहेर बाक करकरला.

मग मी पुढे वाजवलं. शेवटपर्यंत. शेवटचा सूर विरला तरी पेडलवरून पाय काढायचं सुचलं नाही.

"इथे का थांबलात?" सरांनी पानावर बोट ठेवलं. "इथे असं काही नाहीये."

"खोकला आला."

"आजारी आहात?"

"नाही सर. सगळं ठीक आहे." हे म्हणताना माझं मलाच कसंतरी झालं.

मॅडमनी पेन्सिल परत कानाला लावली. "अडीच तासात पट्टी बदलली?"

"बाबांनी बदलली. मी दाबलं फक्त."

"खालची बाजू आधीपेक्षा चांगली वाजली. चाल ढिली पडली. शुक्रवारी यादी लागेल."

घरी आलो तर ताईला सगळं आधीच कळलेलं. "मग आता आपला पियानो चढवायचा का? मी हेल्मेट घालून बसते."

"नको," बाबा आणि मी एकदम म्हणालो.

शुक्रवारी मी एका दवाखान्याच्या लिफ्टवर होतो. दुपारच्या सुट्टीत धावत शाळेत गेलो, हात ग्रीसने माखलेले. फलकावर त्या जागेपुढे एकच नंबर. मी दोनदा वाचला. मग शिपाईकाकांना वाचायला लावला.

"सतरा," ते म्हणाले. "काच खराब करू नकोस हां."

पायऱ्यांवर बसलो आणि बाबांना फोन लावला. ते कुणाच्या तरी घरी कामावर होते. मागे एकच सूर ठोकल्याचा आवाज येत होता.

"बाबा. सतरा आहे."

पलीकडचं ठोकणं थांबलं.

मग फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज. आणि कुणीतरी एक कॉर्ड वाजवला. ताठ बोटांनी, खिळा ठोकावा तसा. भरलेला, गोड. मग दुसरा. मधला सूर अर्धा खाली, वरचा तिथेच. काळी एकच्या घरातले. माझ्या उभ्या आयुष्यात या माणसाने काही वाजवलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तेही फक्त दोन कॉर्ड.

मागून कुणा बाईंचा आवाज आला. "झाला का हो लावून?"

"नाही," बाबा म्हणाले. "थोडं राहिलंय."

आणि त्यांनी ते परत वाजवलं.